सतरा नंबरचं पातेलं

आमच्या घरात सकाळ झाली हे भात्यावरून कळायचं. अब्बा परसातल्या भट्टीत कोळसा रचून भात्याची दोरी ओढायला लागले की आधी दमेकरी माणसाच्या खोकल्यासारखा आवाज यायचा, मग तो सुरळीत व्हायचा आणि थोड्या वेळाने नवसागराचा पांढरा धूर घरात शिरायचा. डोळे चुरचुरायचे, घसा खवखवायचा. तरी आजही कुठे तो वास आला तर मला भूक लागते. कारण त्याच वेळी अम्मा चुलीवर तांदळाची भाकरी टाकत असायची आणि अब्बांकडून चिमट्यात एक निखारा मागून आणून त्यावर सुका बोंबील भाजायची. अब्बांचा निखारा चुलीतल्या निखाऱ्यापेक्षा जास्त कडक असतो असं तिचं म्हणणं होतं. अब्बा म्हणायचे, "तुजा बोंबील माज्या भट्टीला महाग पडतोय." रोज हेच बोलणं, आणि रोज निखारा मिळायचा.

भोरला नदीच्या उतारावर आमच्या दोन खोल्या आणि त्यामागे परस. परस आमचं असलं तरी त्यातली भांडी दुसऱ्यांची. माणूस आत बसेल एवढी पितळी पातेली, कढया, पराती. मोठं पातेलं घासणं हे हाताचं काम नसतं, पायाचं असतं. आत चिंच आणि वाळू टाकायची, आपण आत उभं राहायचं, भिंतीचा आधार घ्यायचा आणि कंबरेतून डावीकडे-उजवीकडे गर्रकन वळत राहायचं. माझं अर्धं बालपण असं लोकांच्या पातेल्यांत उभं राहून गेलं. मग अब्बा ते पातेलं भट्टीवर तापवायचे, आत नवसागर भुरभुरवायचे, कथलाची कांडी टेकवायचे आणि कापसाचा बोळा फिरवायचे. पिवळ्या पितळेवर कल्हईची चांदीसारखी लाट पसरत जायची. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र असा आवाज. तो आवाज झाला की अब्बा माझ्याकडे बघून भुवया उडवायचे, जणू हे पहिल्यांदाच जमलंय.

ही हकिकत मी आजवर लिहिली नाही, कारण लिहायला बसले की राग येतो. पन्नाशी उलटल्यावर राग कमी होतो म्हणतात. माझा झालेला नाही. पण ज्या माणसावर राग आहे त्याच्यावर माझा जीवही आहे, त्यामुळे आता दोन्ही एकदमच लिहून टाकते.

परसातली बहुतेक भांडी बाबूशेठची. नसरापूर फाट्यावर त्यांचं मंडप आणि भांडी भाड्याने देण्याचं गोदाम होतं. लग्न, जत्रा, बारसं, तेरावं, जे काय असेल त्याला एकशे चाळीस पितळी भांडी टेम्पोतून गावोगाव फिरायची. प्रत्येकाच्या काठावर अब्बांनी छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांचा नंबर पाडलेला. या भांड्यांचा एक नियम होता. ज्या पातेल्यात मटण शिजलं ते तिखटात गेलं. ते पूजेच्या, उपासाच्या जेवणाला चालत नाही. पण त्याला नवी कल्हई झाली की ते पुन्हा गोडात आलं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांपासून आमच्या मोहल्ल्यापर्यंत सगळ्यांना मान्य होता. आमच्याकडच्या वलिम्याला, म्हणजे निकाहनंतरच्या जेवणाला, गेलेलं पातेलं अब्बांच्या भट्टीवरून निघालं की पुढच्या सोमवारी कोणाच्या उद्यापनाच्या खिरीला जायचं. कोणी नाक मुरडत नसे.

नाक मुरडलं गेलं ते कामथडीला. गोदामात गोडाच्या भांड्यांवर चुन्याची आणि तिखटाच्या भांड्यांवर गेरूची रेघ मारत. धुतलं की दोन्ही रेघा जात. एका जत्रेहून आलेलं पातेलं नुसतंच धुऊन, कल्हईविना, सोळा सोमवारच्या उद्यापनाला गेलं. दूध तापलं आणि वाफेबरोबर जत्रेचा मसाला सगळ्या मांडवात दरवळला. त्या घरच्या म्हातारीने अख्खी खीर उकिरड्यावर ओतली आणि रिकामं पातेलं स्वतः टेम्पोत बसून बाबूशेठच्या गोदामात आणून आदळलं.

दुसऱ्या दिवशी बाबूशेठ आमच्या परसात आले. एरवी ते आले की अम्माच्या हातचा चहा बशीत ओतून फुर्र फुर्र पीत. त्या दिवशी बशीला हातही लावला नाही. म्हणाले, "रशीदभाई, म्या आता पितळ मोडीत काढतो. अ‍ॅल्युमिनियमचे दोन सेट घेतो. एक तिखटाचा, एक गोडाचा. ना कल्हई, ना घोळ."

अब्बा भात्याची दोरी धरून उभे राहिले. पितळ गेलं म्हणजे भट्टी गेली, हे त्यांना, अम्माला आणि मला एकाच क्षणी कळलं. मी तेव्हा विशीत होते, आणि माझं तोंड माझ्या ताब्यात कधीच नव्हतं. मी म्हटलं, "शेठ, घोळ भांड्यांचा न्हाई, तुमच्या रेघांचा हाय. कुठलं भांडं कुठं गेलं, कुठून आलं, कल्हई कवा झाली, हे कॉम्प्युटर सांगंल. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा."

"आन न्हाई सांगितलं तर?"

"तर मोडवाल्याच्या टेम्पोत पातेली मी स्वतः चढवीन."

बाबूशेठनी बशी उचलली. तेवढ्यावरून मी समजले की सौदा झाला.

कॉम्प्युटर म्हणजे किसन सरांचा. सर वेल्ह्याकडच्या एका वाडीतले. पुण्यात इंजिनिअरिंगची दोन वर्षं करून, प्राध्यापकांशी भांडून परत आलेले. बाजारपेठेत रॉकेलच्या दुकानाच्या माडीवर त्यांनी तीन कॉम्प्युटर मांडून क्लास काढला होता. फीवरून मी त्यांच्याशी दीड तास घासाघीस केली होती आणि शेवटी ठरलं होतं ते असं: सकाळी मी नवख्या पोरांना टायपिंग शिकवायचं आणि दुपारी सरांनी मला प्रोग्रामिंग शिकवायचं. सरांइतका मनापासून शिकवणारा माणूस मला पुढे कधी भेटला नाही. वीज गेली की ते पडद्यावरचं कागदावर आणत, कागद संपला की भिंतीवर. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं सी प्लस प्लसचं एक जाडजूड पुस्तक कायम त्यांच्या काखेत असायचं.

त्या पुस्तकातून त्यांनी एक गोष्ट घेतली होती आणि ती ते प्राणापलीकडे जपत. "हे बघ शमीम," ते म्हणत, "जग वस्तूंचं बनलंय. परतेक वस्तूला जातकुळी असती, ती जन्मतानाच ठरती. जातकुळ्या नीट लावल्या की प्रोग्राम आपसूक उभा ऱ्हातो. ह्ये तुज्या फॉक्सप्रोसारखं ओळीखाली ओळ लिवत जानं म्हंजे चिखलात गाडी ढकलनं हाय." फॉक्सप्रो ही नोंदी ठेवायची साधी, जुनी भाषा, आणि मला तेवढीच येत होती. सी प्लस प्लस सोडून दुसऱ्या कशात प्रोग्राम लिहिणाऱ्याला ते प्रोग्रामर मानत नसत. मला मानत, पण माझी सवय सुटेल या आशेवर.

भांड्यांचं काम ऐकून सरांना हर्ष झाला. चार कॅलेंडरं उलटी चिकटवून त्यांनी भिंतीवर आराखडा मांडला. सगळ्यात वर एक चौकोन, 'भांडं'. त्याखाली दोन मुलं, 'तिखटाचं' आणि 'गोडाचं'. त्यांच्या पोटी पातेली, कढया, पराती. झाकण हे स्वतंत्र भांडं की पातेल्याचा अवयव, यावर आम्ही तीन दिवस वाद घातला. सरांचा युक्तिवाद ऐकताना वाटे की जगात याहून महत्त्वाचं काही नाही. जिना उतरून खाली रॉकेलच्या रांगेत उभं राहिलं की वाटे, गणपती गेले, दसरा गेला आणि अजून पडद्यावर एक वाटीसुद्धा दिसत नाही.

दिवाळीच्या आधी बाबूशेठ काम बघायला आले. अब्बाही आले होते, माडीच्या जिन्यात टोपी हातात धरून उभे. सरांनी पडद्यावर एक पातेलं दाखवलं. नंबर सतरा, तिखटाचं. बाबूशेठ म्हणाले, "ब्येस. ह्ये भाटघरला मटनाला गेलतं. काल रशीदभाईंनी कल्हई केली. आता गोडात घ्या."

सर भिंतीवरच्या आराखड्याजवळ गेले. मग शांतपणे म्हणाले, "तसं न्हाई घेता येत. ते जन्माला तिखटाचं आलंय. जातकुळी बदलत न्हाई. त्येला मारायचं आन त्याच मापाचं गोडाचं नवं जन्माला घालायचं."

"मारायचं?" बाबूशेठ खुर्चीतून अर्धे उठले. "आवो सर, माज्या थोरल्या आज्यानं घेतलेलं पातेलं हाय त्ये! मारता काय? आन मग आजवर कुठं कुठं गेलतं, पोचे कुनी पाडले, ते?"

"ते त्याच्याबरुबर जातं."

"म्हंजे पोचा दुसऱ्याच पातेल्याला पाडला व्हता असं सांगायचं व्हय मी लोकांस्नी!" बाबूशेठ जिन्याकडे निघाले. अब्बांपाशी थांबून म्हणाले, "रशीदभाई, तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी मोडवाला येनार. त्या वेळी मला बोल लावू नका."

ते गेल्यावर मी सरांवर तुटून पडले. "सर, एक रकाना घालायचा. तिखट की गोड. कल्हई झाली की अक्षर बदलायचं. दोन ओळींचं काम हाय!"

"आज एक अक्षर घालशील, उद्या दहा घालशील. मग कुठलं अक्षर कोन बदलतंय ते तुलाबी कळनार न्हाई."

"उद्याचं उद्या बघू. आज भट्टी विझतीय. तुमच्या चित्रात भात शिजत न्हाई, सर!"

हे वाक्य बोलून मी डस्टर भिंतीवर मारलं. ते नेमकं 'गोडाचं' या चौकोनावर बसलं. सरांनी चप्पल घातली आणि जिना उतरून गेले. मला वाटलं, क्लास संपला.

संध्याकाळी घरी आले तर सर आमच्या परसात, उपड्या घमेल्यावर बसलेले. अब्बा एका पातेल्यावर कथील फिरवत होते आणि सर त्यांच्या हाताकडे असे बघत होते जसे त्या जाडजूड पुस्तकाकडे बघत. अम्माने त्यांच्या पुढ्यात भाकरी आणि बोंबील ठेवला होता; माळकरी घरातला माणूस, बोंबील अलगद बाजूला सारून नुसती भाकरी खात होता. पातेलं पाण्यात बुडालं, चर्र झालं. सरांनी विचारलं, "चाचा, एक इचारू? कल्हई झाल्यावर हे तेच पातेलं ऱ्हातं का दुसरं व्हतं?"

अब्बांना प्रश्नच कळेना. "दुसरं कसं व्हईल? त्येच की. म्या नुसता आतनं हात फिरिवतो."

सरांनी त्या पातेल्याच्या आतून हात फिरवून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुजं बराबर हाय. ती जातकुळी न्हाई, अवस्था हाय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "आता सगळा आराखडा पहिल्यापासनं काढावा लागंल. आठ म्हयने तरी लागतील."

तुळशीच्या लग्नाला पंधरा दिवस होते. मी परसातच सौदा केला. पंधरा दिवस दुपारी एक कॉम्प्युटर माझा. मी फॉक्सप्रोत लिहीन, ओळीखाली ओळ, आणि सरांनी बघायलाही यायचं नाही. बदल्यात पहिल्या पडद्यावर रचनाकार म्हणून त्यांचं नाव. त्यांनी ते मागितलं नव्हतं. पण फुकट घेतलेल्या गोष्टीवर कोणीही हक्क सांगू शकतं, म्हणून मी कधी काही फुकट घेत नाही. सर नुसते "बरं" म्हणाले.

ते पंधरा दिवस मी कसं लिहिलं ते आता आठवलं तरी लाज वाटते. इथून तिथे उड्या, तिथून परत इथे. एकच गोष्ट पाच जागी. भांड्यांचे नंबर थेट प्रोग्रामच्या पोटात. रोज दोन तास वीज जायची, तेव्हा मी वहीत लिहायची आणि वीज आली की बडवायची. वरच्या मजल्यावरून खटखट ऐकून रॉकेलवाला खालून ओरडायचा, "शमीम, हळू! छप्पर खाली यील!" पण बारावा दिवस संपता संपता सगळी एकशे चाळीस भांडी आत होती आणि प्रत्येकापुढे एक अक्षर होतं, टी नाहीतर जी.

शेवटच्या दिवशी पहिला पडदा केला. तेव्हा पडद्यावर मराठी उमटत नसे, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. 'रचना' लिहून पुढे सरांचं नाव घातलं. खाली माझी ओळ. तिथे काय लिहावं? सगळं मीच केलं होतं. रागाच्या झटक्यात मी लिहिलं: टायपिंग, कुमारी शमीम. मनाशी म्हटलं, उद्या सर हे वाचतील, चपापतील आणि म्हणतील, आगं, हे काय लिवलंस, बदल ते.

दुसऱ्या दिवशी बाबूशेठ आले. अब्बा सतरा नंबरचं पातेलं डोक्यावर घेऊन जिना चढले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण पुरावा लागेल असं त्यांना वाटलं. मी प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर नावं आली. मी सरांकडे बघितलं तर ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले. नावं गेली, यादी आली. बाबूशेठ म्हणाले, "सतरा. कल्हई झाली." मी एक बटण दाबलं. टीचा जी झाला आणि खाली ओळी उमटल्या: कुठल्या गावाला गेलं होतं, कधी परत आलं, कल्हई कोणाकडे. बाबूशेठनी पडद्यावरचा नंबर आणि काठावरचे ठिपके दोन-दोनदा बोटाने चाचपले. मग म्हणाले, "आता वरव्याच्या साखरपुड्याला गोडाची वीस भांडी द्या." प्रिंटरने करकर करत वीस नंबरांचा कागद ओकला. एकही तिखटाचं नव्हतं.

बाबूशेठनी पातेल्याच्या काठावर नारळ फोडला आणि किसन सरांचे दोन्ही हात हातात घेतले. "सर, कमाल केली तुमी! आन पोरीनं टायपिंगबी चांगलं केलंय हां." सरांनी मान हलवली. ते वाक्य दुरुस्त केलं नाही. अब्बा पातेल्यात हात घालून खोबऱ्याचा तुकडा शोधत होते, त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसू नये म्हणून. मोडवाला आला नाही. पितळ पुढे नऊ वर्षं टिकलं आणि अब्बांची भट्टीही.

सरांच्या बाजूचंही लिहिलं पाहिजे, नाहीतर अम्मा स्वप्नात येऊन कान धरेल. दोन वर्षांनी बाबूशेठनी वरव्याला दुसरं गोदाम काढलं आणि माझा प्रोग्राम कोसळला. एका जागी बदललं की तीन जागी तुटायचं. मी रडकुंडीला आले. सर चार दिवस न बोलता माझ्या शेजारी बसले आणि माझ्या उड्या एकेक करून सोडवल्या. "म्या सांगितलं व्हतं" हे शब्द त्यांनी तोंडातून काढले नाहीत. त्या चार दिवसांत मी जे शिकले त्यावर आज पुण्यात माझा धंदा उभा आहे. मंडपवाल्यांना, केटरिंगवाल्यांना लागणारी सॉफ्टवेअर करतो आम्ही. नव्या पोरी-पोरांचे नवे देव असतात, नवे आराखडे असतात. मी त्यांच्यावर ओरडते, तारखा सांगते, आणि मग रात्रीतून त्यांचाच आराखडा घरी नेऊन वाचते. पण ती टायपिंगची ओळ मात्र माझ्या पोटात तशीच राहिली. त्या चार दिवसांतही सरांनी ती बदलली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी वेल्ह्याला त्यांच्या वाडीवर गेले. क्लास बंद होऊन जमाना झाला. सर भाताची झोडपणी उरकून अंगणात बसले होते. केस पांढरे, काखेत पुस्तक नाही एवढाच फरक. वहिनींनी नव्या तांदळाची पेज दिली. दोन घोट घेतले आणि मी विचारून टाकलं. सर, त्या पडद्यावर माझ्या नावापुढे टायपिंग लिहिलं होतं. तुम्ही एका शब्दानेही का बोलला नाहीत?

"टायपिंग?" सर म्हणाले. "असं व्हतं व्हय तिथं? म्या वाचलंच न्हाई कधी. पयली ओळ वाचली, 'रचना किसन', आन डोळं मिटलं. आत तू काय करून ठेवलंयस ते मला ठावं व्हतं. चोरून बघितलं व्हतं की. तसल्या कामावर माजं नाव घातलंस, शमीम! आज सांगतो, लई राग हाय मला त्याचा. अजूनबी."

मी वाटी खाली ठेवली. "मग काढून का नाही टाकलंत?"

"तुज्याशी सौदा झालता. तुज्याशी झालेला सौदा मोडायची छाती भोरात कुनाची व्हती?"

वहिनी पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. मला हसावं की भांडावं ते कळेना. मी उठून गाडीतून सतरा नंबरचं पातेलं काढलं. बाबूशेठच्या मुलाने शेवटी पितळ मोडीत काढलं तेव्हा मी ते मोडवाल्याकडून घासाघीस करून सोडवलं होतं. सरांना द्यावं, तांदूळ ठेवायला होईल, असं मनात होतं. त्यांनी आत वाकून बघितलं. पितळ उघडं पडलं होतं, पिवळं, मधे मधे काळं.

"कल्हई गेली की," ते म्हणाले.

"करणारा गेला," मी म्हटलं. अब्बांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. परिसरात आता कोणी भट्टी पेटवत नाही.

सर काठावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवत राहिले. एक, सात. मग मान वर करून विचारलं, "मग आता ह्याच्या म्होरं काय अक्षर घालायचं? तिखटाचं न्हाई, गोडाचंबी न्हाई."

मी विचार केला. त्या रकान्यात मी दोनच अक्षरं ठेवली होती. तिसऱ्याची कधी गरज पडेल असं त्या पंधरा दिवसांत मला वाटलंच नव्हतं.

"बघ," सर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा माडीवरच्या त्या दुपारींसारखा उजळला. "म्या म्हनत व्हतो. थांब, आसं न्हाई जमायचं. पहिल्यापासनं काढू." आणि ते पेन्सिल शोधायला घरात गेले.